आकडा संपेपर्यंत

चिखले, ता. डहाणू
रविवार, १९ जून २०१६

चि. क्रांती,

आज्याचे खूप आशीर्वाद. मी बरा आहे. मनगट आता दुखत नाही, फक्त भरली बादली उचलताना जाणवतं. तू पुण्याला नीट पोचलीस हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. सांगितलं असावं. मला 'पोचली' एवढंच ऐकू आलं, पुढचं सगळं फोनच्या आत राहिलं. म्हणून पत्र लिहितो. कागदावर मला सगळं ऐकू येतं.

तुझं कॉम्प्युटरचं यंत्र चालू आहे. हे खरं म्हणजे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, तुझा जीव त्यात असणार. आज सकाळी पडद्यावर सतरा होते, पुढे टिंब आणि बारीक आकडे, आणि शेवटी टक्क्याची खूण. तू सांगितलंस तसं मी फक्त पडद्याचं बटण दाबतो, बघतो, पुन्हा दाबतो. खालच्या डब्याला हात लावत नाही. खाऱ्या हवेने आत गंज धरेल म्हणून मी त्याला तुझ्या आजीचं जुनं लुगडं पांघरलं होतं. जिग्नेशने येऊन ते काढलं. म्हणाला, "काका, मारून टाकाल त्याला. त्याला वारा पाहिजे." मी म्हटलं, वाऱ्यात मीठ आहे. तो म्हणाला, "मीठ चालेल, लुगडं नाही चालणार." आता तो मोबाईलच्या दुकानात बसतो म्हणून त्याचं ऐकलं. त्याच्या बापाच्या बोटीवर मी इतकी वर्षं खलाशी होतो, पण तेव्हा त्या घरातलं कोणी मला असं दटावत नव्हतं. तरी माझ्या मनातून जात नाही. पाल आत शिरली तर काय करायचं ते कळव. मुंग्यांसाठी मी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आहेत. आता त्या पाण्यात डास होतील की काय ही नवी काळजी.

लोक येऊन विचारतात, चिमणदादा, हे काय लावलंय. मी काय सांगतो ते बघ आणि चुकत असेल तर लिही. मूळ संख्या म्हणजे जिचे सारखे वाटे पडत नाहीत. सात घ्या. एकट्याने सात घेतले, नाहीतर सात जणांनी एकेक घेतला, एवढंच. दोघांत, तिघांत, चौघांत वाटायला गेलं की काहीतरी उरतंच. अशा संख्या कधी संपत नाहीत, पण पुढे पुढे विरळ होत जातात आणि ओळखायला अवघड. आमची नात पुण्याला गणित शिकते, तिने एक आकडा दिलाय. दोनाला दोनाने गुणायचं, पुन्हा दोनाने, असं सात कोटींहून जास्त वेळा. मग त्यातून एक काढायचा. तो लिहून काढला तर सव्वादोन कोटी अंक लागतील. त्याचे वाटे पडतात का, हे यंत्र बघतंय. यंत्र जुनं आहे, त्याला दिवाळी उजाडेल. जानेवारीत अमेरिकेत असाच एक सापडला, तो आजवरचा सगळ्यांत मोठा.

शेजारची जमना हे सगळं उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिला माझं एरवी सहज पटत नाही.

"ज्याचा वाटाच पडत नाही तो आकडा कुणाला हवाय?" ती म्हणाली. "किनाऱ्यावर नेलास तर मारामारी होईल."

तुला बोट लागल्यावरचे वाटे आठवत नसतील, तू लहान होतीस. वाळूत ढीग टाकायचे. बोटीचे, जाळ्याचे, मग माणशी एक. एक खलाशी समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा. दुसरा एका ढिगापाशी जाऊन विचारायचा, "हा कोणाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घ्यायचा. ढीग दिसत नसल्यामुळे नंतर कोणी म्हणू शकत नसे की मला बारीक मासळी दिली. आणि सारखे ढीग करून जे उरेल ते मोजायचं नाही. ज्या घरचा पुरुष बोटीवर नाही त्या घरच्या बाईच्या टोपलीत ते जायचं. जमनाचा नवरा गेल्यापासून तिच्या टोपलीत गेलं.

मी तिला याची आठवण करून दिली.

"म्हणजे तुमचे वाटे बरोबर पडले असते तर माझ्या चुलीवर काही नसतं," ती म्हणाली. "मग चांगला आहे पोरीचा आकडा. चालू दे."

एक गोष्ट मात्र मला पटत नव्हती. तू जाताना यंत्राची रीत समजावलीस. चारापासून सुरुवात. त्याला त्यानेच गुणायचं, दोन वजा करायचे, आपल्या आकड्याने भागायचं, बाकी राहील ती घेऊन पुन्हा तेच. नेमून दिलेल्या शेवटच्या फेरीला बाकी शून्य आली तर आकडा मूळ. आता जो आकडा वाटला जात नाही, त्याची ओळख बाकी शून्य येऊन कशी पटते? मी कॅलेंडरच्या पाठीवर एकतीसचं करून पाहिलं. दोन पाच वेळा गुणून बत्तीस, वजा एक. त्याला तीन फेऱ्या. चार चोक सोळा, वजा दोन, चौदा. चौदा चौदे एकशे शहाण्णव, वजा दोन, एकशे चौऱ्याण्णव. शाळेत आमचे पाढे तिसाला थांबले आणि चौथीला शाळाच थांबली, म्हणून एकतीसचा बेरजेने केला. एकतीस सक एकशे शहाऐंशी, बाकी आठ. आठ आठे चौसष्ट, वजा दोन, बासष्ट. एकतीस दुणे बासष्ट. बाकी शून्य.

मी पेन्सिल ठेवली आणि बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसलो. का ते अजून कळलेलं नाही, पण येतं खरं. आपलं यंत्र हेच करतंय, फक्त सात कोटी फेऱ्या. रात्री त्याचा पंखा लांब गेलेल्या बोटीच्या इंजिनासारखा वाजतो. मला झोप चांगली लागते.

तुझी आई परवा येऊन गेली. वेवजीच्या घरातली मागची खोली तिने माझ्यासाठी रिकामी केली आहे. खिडकी आहे म्हणे. मी मोरीत पडलो तेव्हापासून तिला झोप नाही, हे ती चार वेळा म्हणाली. मी तिला दिलेला शब्द तुझ्यासमोरच दिला होता, आकडा संपला की वेवजीला राहायला येतो. तो शब्द आहेच.

पावसात छत्री नेत जा.

तुझा आजा,
चिमण

---

चिखले
रविवार, २१ ऑगस्ट २०१६

चि. क्रांतीला आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. पाल शिरत नाही म्हणतेस तर नसेल शिरत. पण तिथे पुण्यात पाली वेगळ्या असतात.

आधी वाईट बातमी देऊन टाकतो. नारळी पौर्णिमेच्या आधी दोन दिवस वीज नव्हती. रस्त्यावरचा खांब पडला. यंत्र मध्येच बंद झालं. मी त्याच्या समोर खुर्ची टाकून बसलो, जसं काही मी बसल्याने ते पुन्हा सुरू होणार होतं. जिग्नेश बोटीची बॅटरी हातगाडीवर घालून आला, बरोबर कुठून तरी आणलेला इन्व्हर्टर. त्याचा बाप मागून ओरडत होता, "अरे, नारळ सोडायच्या दिवशी बोटीला बॅटरी नको का?" जिग्नेश म्हणाला, "पप्पा, बोट धक्क्यानेपण सुरू होते, काकाचा आकडा नाय होत."

यंत्र सुरू झालं. मी लगेच टक्के बघितले. एक्कावन्नच्या पुढचे आकडे मागे गेले होते. थोडेच, पण मागे. जिग्नेश म्हणाला, हे जाता जाता खुणा करून ठेवतं, शेवटची खूण वीज जाताना बिघडली असेल, म्हणून त्याच्या आधीची धरली. काही नुकसान नाही. तुलाही तसंच वाटत असेल तर कळव, माझा जिग्नेशवर पूर्ण विश्वास नाही.

आकडे मागे गेलेले बघून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या एवढं आठवतं.

पौर्णिमेला सुनिता, म्हणजे तुझी आई, आणि मनिषराव आले होते, तुझी धाकटी बहीण शितलही. जेवण छान झालं. सुनिता घरात आल्याबरोबर आधी मोरीत गेली आणि दगड पायाने घासून बघितला. मग यंत्रापाशी.

"बाबा, अर्धं झालं ना?"

"अर्ध्याच्या वर," मी म्हटलं.

"म्हणजे दिवाळी."

"दिवाळी म्हणजे, वीज वगैरे गेली नाही तर."

तिने माझ्याकडे बघितलं. तिची नजर तुझ्या आजीची आहे, माशाचे कल्ले बघावेत तसं बघते. मग तिने खोलीबद्दल सांगितलं. भिंतींना फिका निळा रंग लावलाय. पलंग आणलाय, उंचीला कमी, उठताना गुडघे दुखू नयेत म्हणून. मनिषरावांनी कारखान्यातून सुटल्यावर स्वतः खिडकीला जाळी बसवली. संडास आतच आहे. खिडकीतून आंब्याचं झाड दिसतं. संध्याकाळी तिकडे खूप शांत असतं, ती म्हणाली. सगळं चांगलं आहे. मी त्यात काही खोट काढू शकलो नाही. वेवजीहून समुद्र किती लांब पडतो ते मी मनिषरावांना विचारलं. ते म्हणाले, "बाबा, गाडीने घेऊन जाईन ना तुम्हाला, तुम्ही म्हणाल तेव्हा." सज्जन माणूस आहे तुझा बाप. दुसरं काय म्हणणार.

दुपारी शितलने विचारलं, आकडा मूळ निघाला तर त्याचं नाव आजोबांवरून ठेवतील का. मी म्हटलं, आकड्याला नाव नसतं, तो स्वतःच एवढा लांब असतो. पण खरं सांगतो, विचार करून मजा वाटली. तू लिहितेस की असा निघण्याची आशा लाखात एक धरावी. लाखात एक म्हणजे चिखल्यात घरं किती, त्यावरून मी अंदाज बांधला. आशा कमी आहे. तरी रोज सकाळी चहाच्या आधी मी बटण दाबतो.

बोटी सुटल्या. यंदा पहिल्या फेऱ्यांना बोंबील बरा आहे.

काळजी घे. तुझी प्रकृती कशी आहे ते तू लिहीत नाहीस.

आजा

---

चिखले
सोमवार, १७ ऑक्टोबर २०१६

चि. क्रांती,

आशीर्वाद. दसऱ्याचं सोनं पाकिटात घातलं आहे. पानं वाळून चुरा झाली असतील तर चुरा डोक्याला लाव.

एक सांगायचं आहे. मी यंत्र बंद केलं होतं. घाबरू नकोस, आता चालू आहे आणि जिथे सोडलं तिथूनच धरलं आहे. पडद्यावर अठ्ठ्याऐंशी आहेत.

झालं असं, की खंडेनवमीला आपल्याकडे कामाच्या वस्तूंना हात लावत नाहीत. जाळी, सुया, वल्ही, इंजिन, सगळं धुऊन पुसून ठेवायचं, हळदकुंकू लावायचं. जो वर्षभर राबला त्याने त्या दिवशी पडून राहायचं. सकाळी मी कोयता, विळी, जुनी जाळ्याची सुई पाटावर मांडली आणि मागे त्या यंत्राचा पंखा घरघरत होता. मे महिन्यापासून त्याने उसंत घेतलेली नाही. सगळ्या घरात एकट्यानेच राबावं हे मला बघवेना. जिग्नेशने दाखवलं होतं तसं रीतसर बंद केलं, फडक्याने पुसलं, जमनाने झेंडूचा हार घातला. जिग्नेश सोनं द्यायला आला तो हसत सुटला. "काका, कॉम्प्युटरला पण सुट्टी?" मी म्हटलं, तुझ्या बोटीच्या इंजिनाला आहे ना.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सुरू करायचं होतं. सकाळी वाटलं, हार अजून ताजा आहे, काढवत नाही. त्याच्या पुढच्या दिवशी डोकं जड होतं. मग वाटलं, कोजागिरी तोंडावर आलीच आहे, एकदम नंतर करू.

घर फार गप्प झालं होतं. रात्री जाग यायची. रिकामा वेळ होता म्हणून मी स्वतःच यंत्राचं काम करायला बसलो. तू सांगितलेला दोन हजार सत्तेचाळीस घेतला. दोन अकरा वेळा, वजा एक. दिसायला अगदी एकतीससारखाच, पण तो फसवतो असं तू म्हणाली होतीस. त्याला नऊ फेऱ्या. चार, चौदा, एकशे चौऱ्याण्णव इथपर्यंत सोपं. पुढे आकडे अंगावर येतात. एका फेरीत चुकलो, खोडलं, पुन्हा केलं. दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी बाकी उरली सतराशे छत्तीस. शून्य नाही, म्हणजे मूळ नाही. तू सांगितलं होतंस की तेवीस गुणिले एकोणनव्वद केले की हाच आकडा येतो. मी गुणून पाहिला, येतो.

मग माझ्या लक्षात आलं की सतराशे छत्तीसमध्ये तेवीसही नाही आणि एकोणनव्वदही नाही. कुठूनही बघितलं तरी दिसत नाहीत. म्हणजे ही रीत एवढंच सांगते की ह्याचे वाटे पडतात. कोणाचे ते सांगत नाही. हे असंच आहे का? तुझ्या गणितवाल्यांना हे चालतं कसं? कोणीतरी दार वाजवून जावं आणि नाव सांगू नये, तसं झालं हे.

हे मी जमनाला सांगायला गेलो. ती अंगणात सुकटाच्या बांबूंना सुतळ्या बांधत होती. तिने आकड्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते राहू दे. तुझं यंत्र अजून झोपलंय का, दादा?"

मी म्हटलं, हार आहे ना त्याच्यावर.

"हार सुकून काळा झाला. मी काल बघितला."

मी सुतळीचं बंडल उचलून तिच्या हाताशी ठेवलं.

"लेकीकडे जायचं नाही तर नाही म्हण तिला," जमना म्हणाली. तिने सुतळीची गाठ दाताने ओढली. "त्या मुक्या डब्याच्या मागे काय लपून बसतोस? उद्या तो फुटला तर माझ्या टोपलीमागे लपशील."

मी तिला म्हटलं, तुला काही कळत नाही, वेवजीला खोलीला निळा रंग लावलाय. ती म्हणाली, "मी रंगाचं विचारलं नाही."

घरी आलो, हार काढला, यंत्र सुरू केलं. पंखा फिरला तेव्हा बरं वाटलं आणि वाटलं नाही.

हे तू आईला लिहू नकोस. मीच बघतो काय करायचं ते. अजून बारा टक्के आहेत.

तुझा
आजा

---

चिखले
शुक्रवार, ४ नोव्हेंबर २०१६

चि. क्रांती,

आशीर्वाद. फराळ पोचला का? चकल्या सुनिताच्या आहेत, शंकरपाळे जमनाचे. जमनाच्या शंकरपाळ्यांनी दात सांभाळ.

तुझ्या आकड्याचा निकाल लागला. मूळ नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर पडद्यावर शून्य. शून्य, टिंब, मग थोडेसे आकडे. आदल्या रात्री नव्याण्णवच्या वर होते. मला वाटलं, सगळं पुसलं गेलं, मी दसऱ्याला जे केलं त्याचंच हे. तसाच चपला न घालता जिग्नेशकडे गेलो. तो दात घासत होता, तोंडात ब्रश घेऊनच आला.

त्याने पडदा वर सरकवला, एक इंग्रजी ओळ बोट ठेवून वाचली. "काका, हे पास झालं. म्हणजे नापास झालं. म्हणजे काम पुरं झालं, पण तो नंबर तसा नाही. इथे लिहिलंय, मूळ नाही." त्याच ओळीत बाकी दाखवली होती. पूर्ण नाही, तिचं शेवटचं टोक. त्यात आकड्यांबरोबर इंग्रजी अक्षरंही होती. जमना येऊन उभीच होती. ती म्हणाली, "बाकीत अक्षरं? नक्कीच सरकारी आहे."

मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. मेपासून त्याच्यासोबत झोपलो होतो. पण थोड्या वेळाने दुसराच विचार आला. ह्या आकड्याचे वाटे पडतात, हे आता ठरलं. कुठेतरी दोन आकडे आहेत, ज्यांनी एकमेकांना गुणलं की हा उभा राहतो. लहान की लांबलचक, कोणाला माहीत नाही. तुझ्या गुरुजींना नाही, अमेरिकेला नाही. पण ते आहेत. आपण नाव काढू शकत नाही म्हणून ते नाहीत असं होत नाही. ह्यात मला इतकं बरं का वाटलं ते तूच सांग, तू शिकलेली आहेस.

मग मी जिग्नेशला विचारलं, संपलं तर हे शून्य कशाचं? पंखा कशाला फिरतोय?

"दुसरा नंबर सुरू झाला ना."

"कोणी केला?"

"आपोआप. पण काका, इथे नेट नाही. हा दुसरा नंबर बाहेरून आलेला नाही. कोणीतरी मे महिन्यातच आत भरून ठेवलाय." असं म्हणून तो माझ्याकडे बघून हसला आणि चूळ भरायला गेला.

मी खुर्चीवर बसलो. पोरी, मला सगळं एकदम कळलं. तू पुण्याच्या चांगल्या यंत्रावर हे पंधरा दिवसांत करू शकली असतीस. सगळ्यांत जुना डबा तू शोधून आणलास, आईला सांगितलंस की वेवजीला ठेवलं तर शितल त्यावर खेळ खेळेल, आणि इथे माझ्या घरात आणून लावलास. माझ्या तोंडून शब्दही तूच काढून घेतलास, आकडा संपला की. आणि आकडा संपूच नये याचीही सोय करून गेलीस. मी काही बोललो नव्हतो तरी तुला माहीत होतं. मी पाच महिने तुला टक्के लिहीत बसलो आणि तू ते वाचत बसलीस. दोघं एकाच गोष्टीबद्दल गप्प.

दुपारी सुनिता आली. हातात मोठी रिकामी पिशवी, घडी घातलेली. ती तिने माझ्या खाटेवर ठेवली, मोरीत पाय धुतले, आणि पडद्यासमोर उभी राहिली. मीच बटण दाबून दिलं.

"हे काय? शून्य?"

जिग्नेश दारात होता. त्याला वाटलं मी म्हणेन, वीज गेली, सगळं पहिल्यापासून सुरू झालं. त्याने मान हलवायची तयारीसुद्धा केली होती. मलाही ते वाक्य तोंडात आलं होतं. ते बोललो असतो तर आणखी पाच-सहा महिने सहज निघाले असते. मग आणखी.

मी म्हटलं, "तो आकडा संपला, सुनिता. काल रात्री. हा दुसरा आहे."

"मग झालं की. चल."

"मला यायचं नाही."

तिने पिशवीकडे बघितलं. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं. तुझी खोली चांगली आहे, पलंग चांगला आहे, जावई चांगले आहेत. मला तिथे काही त्रास होणार नाही हे मला माहीत आहे. पण मला इथे बरं वाटतं. सकाळी बोटी लागल्या की मी खाली जाऊन उभा राहतो, मला कोणी काही काम सांगत नाही, पण माझ्या समोर वाटे पडतात आणि भांडण झालं की मला विचारतात. जिग्नेश दटावतो. जमना टोचून बोलते. माझा दिवस भरतो. मी पडेन कदाचित. तिथेही पडेन.

सुनिताने पिशवी उलगडली, पुन्हा घडी घातली. मग म्हणाली, "मे महिन्यात का नाही सांगितलंस?"

"तू रडली असतीस."

"आता मी काय करतेय?"

ती खरंच रडत होती. मी तिच्या शेजारी खाटेवर बसलो. ती लहानपणी ताप आला की बसायची तशी मला टेकून बसली. मग नाक पुसून म्हणाली, "मी भिंतींना तीन हात रंग मारला, बाबा. तीन. माझा खांदा अजून भरून येतो आणि तू इथे आकड्यांशी गप्पा मारत बसलास." जमना बाहेरून म्हणाली, "त्याच्यापेक्षा आकडा बरा, उत्तर तरी देतो." सुनिता रडता रडता हसली, आणि मला कळलं की ती मला सोडून देणार नाही, पण इथे राहू देईल.

तिने अटी घातल्या. रोज संध्याकाळी मी जिग्नेशच्या दुकानात जाऊन बसायचं आणि त्याने तिला फोन करून सांगायचं की म्हातारा बसलाय. थंडी पडली की महिनाभर वेवजीला यायचं, त्या पलंगावर झोपायचं आणि तोंड वाकडं करायचं नाही. मी सगळं कबूल केलं. जिग्नेशला कोणी विचारलंच नाही, तरी त्यानेही केलं. रात्री ती इथेच झोपली. सकाळी ताजा जिताडा मासा होता, तिने कालवण केलं आणि उरलेलं डब्यात घालून मनिषरावांसाठी घेऊन गेली.

आता तुला एक सांगतो. आजपासून माझ्यासाठी आकडे भरू नकोस. माझं काम झालं. पण हा चालू आहे तो चालू दे, मी बंद करणार नाही. आता मी सकाळी बटण दाबतो तेव्हा माझं स्वतःचं काही मोजत नाही. फक्त त्याचं काय होतंय ते बघतो. दुसराही नापासच होईल, तू म्हणशील. होऊ दे. जिग्नेशने मला जुन्या कागदांचा गठ्ठा दिला आहे, मी एकशे सत्तावीसचं करायला घेतलं आहे, पाच फेऱ्या. शून्य येईल असं तू म्हणालीस, पण मला माझ्या हाताने बघायचं आहे.

तू इतक्या लांब बसून माझी बाजू सांभाळलीस आणि एका अक्षराने बोलली नाहीस, हे मी कोणाला सांगणार नाही. तुझ्या आईलाही नाही. ती काल जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "क्रांतीला माहीत होतं ना?" मी म्हटलं, मला ऐकू आलं नाही.

इथलाच,
तुझा आजा
चिमण